लॅपटॉपच्या पोटातला भंडारा

तात्यांचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. हातातला लाल रुमाल अर्धवट उडालेला, एक पाय जमिनीवर, दुसरा अधांतरी. ढोल मात्र वाजतच होता. मग एकदम तात्या बरेच पुढं गेलेले दिसले, मधली पावलं लॅपटॉपनं गिळून टाकली होती. पुन्हा थांबले. मी एका हातानं बटणं दाबत होते आणि तोंडानं लॅपटॉपचा उद्धार करत होते. आई माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती. स्क्रीनवरची नजर काढून ती म्हणाली, "बंद कर गं ते. मिरजंत आसंच व्हायचं त्येंचं."

मी बंद केला.

तात्या म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन वर्ष उलटलं. मिरजेच्या दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांचा श्वास असाच यायचा, थांबायचा, आपण घाबरून उठावं तोवर पुन्हा यायचा. आई कॉटशेजारी बसून त्या थांबण्याकडं बघत राहायची. सगळा जन्म ज्या माणसाबरोबर तिनं मेंढरं राखली, त्याचं चालणं, हसणं, लांबून हाळी मारणं, सगळं त्या कॉटनं पुसून टाकलं. डोळे मिटले की तिला फक्त मिरज दिसायची. म्हणून तिला तो व्हिडिओ बघायचा होता. तिनं मला तसं सरळच सांगितलं होतं, "मला ते हालतं-चालतं बगायचं हाईत."

आणखी एक कारण होतं. ते ती बोलली नाही, पण मला ठाऊक होतं. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी कधी दम लागायचा का, छातीत दुखायचं का, चालता चालता मध्येच थांबायचे का. आईनं ठासून सांगितलं, "न्हाई वो, कायबी न्हवतं. आवं, परवा जत्रंत दिसभर गजी खेळल्यात!" गजी म्हणजे आम्हा धनगरांचा नाच. मध्ये ढोलवाले, भोवती माणसांचं रिंगण, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत रुमाल, आणि ढोल थांबत नाही तोवर कुणी थांबायचं नाही. अंगात दम नसेल त्यानं बाहेर बसून बघावं. आमच्या गावच्या बिरोबाच्या जत्रेत तात्या गजी खेळले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकाला आईनं हेच सांगितलं. आलेल्या बायकांत एखादी असतेच, तोंडाला पदर लावून हळूच म्हणणारी, "आधीच ध्यान द्याया पायजे हुतं गं." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, "दिसभर गजी खेळल्याला माणूस. कुणाला कळंल सांग?" त्या वाक्याच्या आधारावर ती उभी होती. मीही होते, खोटं कशाला बोलू? आणि त्या वाक्याचा पुरावा आता एका पेनड्राइव्हमध्ये होता.

जत्रेला माझा चुलतभाऊ सुट्टीवर आला होता. तो पलटणीत आहे. तिकडून येताना त्यानं भारीतला फोन आणला होता, त्यावर त्यानं सगळी गजी टिपली. तात्या गेले तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. वर्षश्राद्धाला आला तेव्हा त्यानं फोन आईच्या हातात दिला. आईनं तो डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला आणि म्हणाली, "मुंगीयेवढी माणसं दिसत्यात बाबा. ह्यातलं आपलं कंचं?" मी वाकून बघितलं. फेटा सारखा करत, कुणाला तरी कोपरानं ढोसत तात्या रिंगणात शिरत होते. मला पुढं बघवेना. मी उठून चुलीपाशी जाऊन बसले. भावानं तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर भरून दिला, "काकी, मोठ्या पडद्यावर बगा" म्हणाला आणि ड्यूटीवर गेला.

मग आईला मी सांगलीला माझ्याकडं आणलं. ती यायला तयार नसते. फ्लॅटमध्ये तिला कोंडल्यासारखं होतं आणि आमच्याकडच्या पाण्याला चव नाही म्हणते, हे म्हणणारी बाई जन्मभर टँकरच्या पाण्यावर जगली. पण या वेळी मुकाट आली. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, तर टीव्हीनं ही फाइल चालत नाही असं पडद्यावर लिहून अंग काढून घेतलं. राहिला माझा लॅपटॉप. कॉलेजात असताना घेतलेला, बिजागरी ढिली, एक बटण गायब. मी शाळेत संगणक शिकवते. शाळेतली यंत्रं बरी आहेत, घरी हे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मुलांना मी शिकवते की व्हिडिओ अडकत असेल तर घाबरू नका, एकेक कारण बाजूला काढत जा. तसंच केलं. उघडलेलं सगळं बंद केलं. पेनड्राइव्हवरून चालवण्याऐवजी फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली. दुसरा प्लेअर टाकला. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हे चालू, ते बंद, असं करून बघितलं. प्रत्येक वेळी पहिली थोडी मिनिटं तात्या झकास नाचायचे. आईचा चेहरा उजळायचा, ती मांडी सारखी करून बसायची, आणि मग ते अडकायचेच. चित्र थांबायचं, ढोल पुढं पळायचा. आई उठून भांडी घासायला लागायची. ती इतक्या जोरात घासायची की मला रडू यायचं आणि रागही यायचा.

शेवटी मी ठरवलं, नव्या फोनचा व्हिडिओ या म्हाताऱ्याला पेलत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तेव्हा त्या व्हिडिओची लहान, हलकी प्रत करून घ्यावी. लॅपटॉपला त्या कामाला लावलं. पंखा घरघरायला लागला, मग भणभणायला लागला, आणि काम अर्धवट असताना लॅपटॉप फट्‌दिशी बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. आईनं त्याच्या खालून हात फिरवला आणि झटकन काढून घेतला. म्हणाली, "आगं, ह्येच्यावर भाकरी भाजंल की."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पहिली थोडी मिनिटं नीट आणि मग अडकणं, हे तापण्याचं लक्षण. तापला की लॅपटॉप स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो, जिवाला जपतो. दोष व्हिडिओचा नव्हता आणि प्लेअरचाही नव्हता. पोटात हवा जात नव्हती. मुलांना दरवर्षी शिकवते मी हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला बसले. आई समोर डाळ निवडत होती. खालचं झाकण निघालं, पंख्यावरची पट्टी सोडवली, आणि मी बघतच राहिले. आत सगळं पिवळं होतं. पंख्याची पाती पिवळी. हवा बाहेर जाते तिथल्या बारीक जाळीवर तर धूळ, लोकर आणि हळद एकत्र बसून चक्क एक घट्ट पिवळं घोंगडं तयार झालं होतं. जळक्या हळदीचा वास आला. आईनं डाळीतून मान वर केली आणि म्हणाली, "भंडारा."

तो तात्यांचा भंडारा होता.

कॉलेजच्या दिवसांपासून खंडेनवमीला मी घरी गेले की लॅपटॉप पूजेत मांडला जायचा. कुऱ्हाड, कोयता, लोकर कातरायची कातर, तात्यांचा ढोल, आणि रांगेच्या शेवटी माझा लॅपटॉप. पहिल्या वर्षी तो मिटलेला होता. तात्या म्हणाले, "सुरू कर त्येला. मेल्यागत पडलंय, त्येला काय भंडारा लावायचा?" मी सुरू केला. त्यांनी चिमूट उचलली तशी मी किंचाळले, "तात्या, बटणांवर नका टाकू, मशीन आहे ते!" तात्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू शिकूनही पोरगी अडाणीच राहिली.

"मशीन हाय म्हणूनच लावतूया न्हवं? तुजं प्वाट ह्येच्यावर का न्हाई?"

"आहे."

"मग ह्येच्या पोटाला लावू. तोंडाला लावून काय उपेग?"

असं म्हणून त्यांनी चालू लॅपटॉप उचलून उभा धरला आणि तळाच्या जाळीवर चिमूटभर भंडारा उधळला. पंखा आत हवा ओढत होताच. भंडारा त्या जाळीतून सुळकन आत गेला. बाहेर कणभरसुद्धा राहिला नाही. तात्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी लॅपटॉप अलगद खाली ठेवला आणि हात जोडले. "बगितलंस? घेतला. देवानं घेतला!" कुऱ्हाडीवर टाकलेला भंडारा कुऱ्हाडीवरच राहतो. ढोलावरचा सांडतो. पण लॅपटॉपनं भंडारा गिळला, हे त्यांनी वाडीभर सांगितलं.

मी त्यांना पंखा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चित्र काढून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, व्हय व्हय म्हणाले, आणि पुढच्या वर्षी दोन चिमटी टाकल्या. एका वर्षी मी लॅपटॉप ट्रंकेत दडवून ठेवला तर त्यांनी तो शोधून काढून पूजेत मांडला, वर मलाच म्हणाले, "त्येला उपाशी ठेवतीस व्हय?" मला नोकरी लागली ती त्यांच्या मते त्या भंडाऱ्यानं. त्यावरून मी त्यांची यथेच्छ टिंगल केली आहे आणि त्यांनाही ती आवडायची. गेल्या खंडेनवमीला लॅपटॉप सांगलीतच राहिला. कुणी मागितलाच नाही.

हातात ब्रश घेऊन मी तशीच बसून राहिले. सांगायला लाज कसली, माझा हात होईना. तात्यांच्या बोटांतून सुटलेलं असं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. फेटा दान गेला, काठी चुलत्यानं नेली, घोंगडं त्यांच्या अंगावरच गेलं. आणि हा भंडारा, मी इतकी ओरडत असताना, इतकी वर्षं माझ्या मांडीवर होता. वाटलं, राहू दे, लॅपटॉप बंद पडला तर पडला. पण हा भंडारा आत ठेवला असता तर तात्या त्या स्क्रीनवर अडकतच राहिले असते. आणि आईला ते हवे होते हलते-चालते. दोन्ही तात्या मिळणार नव्हते. मी रडायला लागले. आईनं डाळीचं ताट बाजूला सारलं आणि ती जवळ येऊन बसली.

मी खाली वाकून फुंकर मारणार तेवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात धरला. "फुकू नगं. देवाचा हाय. कागुद घे खाली."

वर्तमानपत्राचा कागद पसरला. मी ब्रशनं हळूहळू खरवडत गेले, आई कागद सरकवत गेली. जाळीवरचं ते घोंगडं अख्खं निघालं. त्यात काळी-पांढरी लोकर दिसत होती, आमच्याच मेंढरांची. पाती पुसली, चिपवरची वाळून गेलेली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, काढून नवी लावली, झाकण बसवलं. आईनं कागदावरची लोकर नखानं वेचून बाजूला केली, राहिलेली पिवळी-करडी पूड चिमटीनं गोळा केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. तात्या गेल्यापासून तिनं कपाळाला भंडारा लावला नव्हता. कपाळाला लावायचं काम तात्यांचं असायचं. देवळातून आले की आधी तिला, मग पोरांना, मग मेंढरांना.

लॅपटॉप सुरू केला. पंखा फिरतोय की नाही हे कान लावून बघावं लागलं, इतका शांत झाला होता. तरी जुन्या यंत्राला झेपावं म्हणून हलकी प्रत करायला पुन्हा लावली. संध्याकाळच्या चहापर्यंत ती निघाली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी आईनं अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली. पाहुणे येणार असल्यासारखी तिनं सतरंजी झटकून घातली. मी खिडकीचा पडदा ओढला आणि व्हिडिओ लावला.

तात्या रिंगणात शिरले. फेटा सारखा केला. शेजारच्याला कोपरानं ढोसलं, तो हसला. ढोलवाल्यांनी चाल बदलली, सगळ्यांचे रुमाल एकदम वर गेले, एकदम खाली आले, आणि तात्यांचा रुमाल नेहमीसारखा सगळ्यांच्या जरा आधी वर गेला. आई हसली. तात्या गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. "तसंच हाय त्येंचं. कवा बी घाईच." मागच्या अडकायच्या जागा एकेक करून निघून गेल्या. एकही पाऊल गळलं नाही. तात्या ढोलांच्या मागं जायचे, दिसेनासे व्हायचे, पुन्हा पुढं यायचे. आई मांडीवर बोटांनी ठेका धरत होती. मला इतकं बरं वाटलं की शाळेतल्या मुलांना बोलावून दाखवावं, बघा, बाईंनी दुरुस्त केला.

रिंगण पुन्हा एकदा मागं गेलं, पुढं आलं. आणि तात्या थांबले.

माझ्या तोंडून शिवीच गेली. "परत अडकला मेला," म्हणत मी बटणाकडं हात नेला. आईनं माझं मनगट धरलं.

"मशीन न्हवं गं," ती म्हणाली. "त्येच थांबल्यात."

मी बघितलं. ढोलावरच्या टिपऱ्या चालल्या होत्या. वरून उधळलेला भंडारा सावकाश खाली येत होता. तात्यांच्या मागचा माणूस त्यांना धडकला, बाजूनं वळसा घालून पुढं गेला, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. सगळं रिंगण हलत होतं आणि त्यात तात्या एकटे उभे होते. तोंड उघडं. रुमालाची मूठ छातीवर. मग ते वाकले, धोतराचा सोगा सुटल्याचं सोंग केलं. तो सुटला नव्हता. वाकल्या वाकल्या त्यांनी मान वळवून थेट आमच्याकडं बघितलं. चुलतभाऊ बायकांच्या बाजूला उभा राहून चित्र घेत होता. तात्या बायकांत आई कुठं आहे ते बघत होते. ती बघत नाहीये ना, ते बघत होते.

आई चुलतभावाच्या मागंच उभी होती. व्हिडिओत तिचा आवाजसुद्धा येतो, कुणाला तरी ती शेळीला काय झालंय ते सांगत होती.

तात्यांनी रुमालानं तोंड पुसलं, सरळ झाले, हसले, आणि पुन्हा रिंगणात घुसले. पहिल्यापेक्षा जोरात नाचले. कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही.

मी म्हणाले, "आई, अजून थोडं अडकतंय बहुतेक. मी उद्या परत उघडून बघते." आईनं माझ्याकडं बघितलं. ती मला वेडी समजत नव्हती आणि माझ्यावर रागावलीही नव्हती. तिच्या चेहऱ्यावरून ते वाक्य मात्र गेलं होतं, ज्याच्या आधारावर ती वर्षभर उभी होती. दिसभर गजी खेळल्याला माणूस. आणि लॅपटॉप मीच दुरुस्त केला होता.

"मागं ने," ती म्हणाली.

"नको ना, आई."

"ने म्हणतीया न्हवं. त्येनी थांबल्यात तितं ने. आन थांबव."

इतके दिवस जे अडकू नये म्हणून मी झटत होते, ते मी माझ्या हातानं अडकवलं. तात्या उभे, मूठ छातीवर, नजर बायकांच्या बाजूला. आई गुडघ्यांवर पुढं सरकली. तिनं पदराची गाठ सोडली. चिमूटभर भंडारा घेतला आणि स्क्रीनवर त्यांच्या कपाळाला लावला. बराचसा घसरून बटणांत पडला. मी तो तिथंच राहू दिला. बोटाला राहिलेला तिनं स्वतःच्या कपाळाला लावला.

मग जवळच बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्या हळू ती त्यांना म्हणाली, "बसा वो आता. म्या बगितलं."